एकच विहीर, तिघांचा हिशोब

सध्या मुक्काम बिकानेरच्या पश्चिमेला. नेमकी जागा लिहीत नाही, आणि लिहिली तरी नकाशावर सापडायची नाही. एप्रिल संपत आलाय आणि कालव्याला 'नहरबंदी' आहे. दुरुस्तीसाठी इंदिरा गांधी कालव्याचं पाणी उन्हाळ्याच्या तोंडावर काही आठवडे बंद किंवा अगदी कमी करतात, तिला इथे हे नाव. या दिवसांत गावातलं सगळं बोलणं पाण्यावर येऊन थांबतं. डिग्गीत किती दिवसांचं उरलंय, टँकर कधी येणार, नहर वेळेवर सुटणार का. आमच्या लंगरच्या हवालदाराने काल भांडी वाळूने घासून घेतली. गडी माण तालुक्यातला. म्हणाला, "साहेब, गावाकडं आई राखेनं घासायची. मला वाटलं फौजेत येऊन सुटलो."

त्याचं ते वाक्य डोक्यात राहिलं, आणि बरीच वर्षं लिहायची टाळलेली एक गोष्ट आज लिहायला घेतली.

मी तेव्हा कॅप्टन होतो. याच वाळवंटात, याच मोसमात सराव होता. आमच्या तुकडीच्या पाण्याचा आराखडा माझ्याकडे. माणशी पिण्याचे आठ-दहा लिटर, लंगरचं वेगळं, गाड्यांचं वेगळं, वर थोडं राखीव. नकाशावर एक ट्यूबवेल होती. माणूस पाठवून तिचा तासाचा उपसा मोजून घेतला, भागाकार केला. पाणी पुरून उरत होतं. आराखडा सादर केला, मंजूर झाला.

तिसऱ्या दिवशी आमचा बाउझर ट्यूबवेलवर पोचला तेव्हा पुढे आणखी दोन युनिटांचे बाउझर रांगेत उभे होते. त्यांच्याही आराखड्यात तीच ट्यूबवेल होती. तिघांनी मोजमाप नीट केलं होतं, तिघांची बेरीज बरोबर होती, फक्त विहीर एक होती. दुपारनंतर मोटार पाण्याऐवजी हवा ओढू लागली. दुसरीकडून पाणी येईपर्यंत रात्र झाली आणि तोवर माझा एक जवान उष्माघाताने कोसळला होता. वाचला, पण त्याची मेडिकल कॅटेगरी उतरली आणि पुढचं सगळं करिअर त्या एका दुपारीने बदललं. त्याने कधी तक्रार केली नाही. सीओ साहेबांनी मला ओरडायला हवं होतं, तेही केलं नाही. एवढंच विचारलं, "तुझा आराखडा बरोबर होता. बाकीच्या दोघांचा पाहिला होतास?"

नव्हता पाहिला.

त्यानंतर जिथे जिथे बदली झाली तिथे तिथे मला ती ट्यूबवेल दिसत राहिली. पंजाबात दिसली, लडाखला दिसली, सुट्टीवर घरी गेलो की मराठवाड्यात दिसली. म्हणूनच हे माझं मत मांडतोय. आपल्या देशात पाण्याच्या योजना भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा आपापल्या जागी बरोबरही आहेत. पण विकासाचा आराखडा करणारे सगळे जण एकच पाणी आपापल्या वहीत मोजतात, आणि कोणी कोणाची वही पाहत नाही.

फौजेत कुठलीही हालचाल करण्याआधी 'अ‍ॅप्रिसिएशन' लिहावं लागतं, हे माजी सैनिकांना सांगायला नको. उद्देश, मग परिणाम करणारे घटक, मग पर्याय, आणि शेवटी योजना. वाळवंटात पाणी हा घटक पहिल्या पानावर असतो. ब्रिगेड हलवायची तर आधी पाणी कुठे, किती आणि किती दिवस हे ठरतं, मग ब्रिगेड हलते. देशात आपण उलटं करतो. आधी कारखाना, वसाहत, वीजकेंद्र, पीक ठरतं, आणि शेवटच्या पानावर 'पाणीपुरवठ्याची व्यवस्था करण्यात येईल' असं एक वाक्य येतं.

या कालव्याचंच घ्या. १९५८ मध्ये पायाभरणी झाली. पंजाबात सतलज आणि बियासच्या संगमावर हरिके इथे पाणी उचलून थेट थरच्या पोटात आणायचं. फीडर आणि मुख्य कालवा मिळून लांबी साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. १९६० च्या सिंधू करारात रावी, बियास, सतलज या पूर्वेच्या नद्या आपल्या वाट्याला आल्या आणि या स्वप्नाला पाणी मिळालं. कालव्याने इथलं आयुष्य बदललं, यात शंका नाही. जिथे माणसं गुरं घेऊन देशोधडीला लागायची तिथे आज गहू, मोहरी, कापूस उभा असतो. आम्हा फौजींनाही त्याच्याच पाण्याने तारलंय.

पण गंगानगर-हनुमानगढ भागात जा. तिथे कालव्याच्या कडेने मैलोन् मैल पांढरी, फुगलेली, मेलेली जमीन दिसते. इथली माणसं त्याला 'सेम' म्हणतात. वाळूच्या खाली काही फुटांवर जिप्समचा घट्ट थर आहे. पाणी त्यातून खाली झिरपत नाही. शेताला दिलेलं जादा पाणी त्या थरावर साचत गेलं, वर आलं आणि क्षार घेऊन आलं.

गंमत म्हणा की शोकांतिका, या थराची माहिती इथल्या बाप-जाद्यांना होती. बिकानेर, चुरू, जैसलमेर भागात 'कुंई' नावाच्या अरुंद विहिरी असतात. खोल भूजल खारं, पण पावसाचं पाणी वाळूत मुरून याच जिप्समच्या थरावर अडतं आणि गोडं राहतं. कुंई त्या थरापर्यंतच खणतात, थर फोडत नाहीत. ज्या थराने शेकडो वर्षं माणसं जगवली, त्याच थराने कालव्याखालची शेतं नासवली. थर तोच होता. कालवा काढणाऱ्यांनी नदीचं पाणी मोजलं, जमिनीखालचं गणित दुसऱ्या खात्याचं होतं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सरकारने सिंधू करार स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं, तेव्हा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर भाच्याने विचारलं होतं, "मामा, आता तिकडचं सगळं पाणी आपलं ना?" त्याला लिहिलं, की बाबा, नदी म्हणजे नळ नव्हे. पश्चिमेच्या नद्यांचं पाणी अडवायला धरणं लागतात, वळवायला बोगदे आणि कालवे लागतात, त्याला वर्षं लागतात. आणि ते येईल तेव्हा खाली जिप्समचा थर तसाच असेल. पाणी मिळवणं ही अर्धी लढाई. मिळालेलं पाणी वापरायची शिस्त ही उरलेली अर्धी, आणि ती आपल्याला आपल्याशीच लढायची आहे.

पंजाबातल्या पोस्टिंगमध्ये संगरूरकडच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांच्या घरी जेवायला गेलो होतो. जेवणानंतर ते मला शेतावर घेऊन गेले. तीन बोअर दाखवले. पहिला वडिलांच्या काळचा, कोरडा. दुसरा त्यांनी रिटायरमेंटच्या पैशांतून घेतलेला, तोही कोरडा. तिसरा मुलाने कर्ज काढून घेतला, त्यात सबमर्सिबल पार खोल सोडलेली. मी विचारलं, "साब, भात सोडून दुसरं काही का लावत नाही?" हसले आणि म्हणाले, "मक्याला भाव कागदावर असतो कॅप्टन साब. भाताला मंडीत गिऱ्हाईक असतं."

त्या एका वाक्यात सगळं धोरण होतं. शेतीला वीज मोफत, गहू आणि भाताची सरकारी खरेदी पक्की. पंजाबात जमिनीत दरवर्षी जितकं पाणी भरतं त्याच्या दीडपटीहून अधिक उपसलं जातं. हा तांदूळ पंजाबी माणूस खातही नाही फारसा. तो देशाच्या कोठारात जातो, म्हणजे तुमच्या-माझ्या ताटात. त्याला दोष देण्याआधी आपण त्याचं पाणी किती वर्षं स्वस्तात खाल्लं, हे आठवावं.

सरकारने काही केलं नाही असंही नाही. २००९ मध्ये पंजाबने कायदा करून भाताची लावणी १० जूनच्या आधी करायला बंदी घातली, म्हणजे ऐन उन्हाळ्यात बाष्पीभवनात जाणारं पाणी वाचेल. हेतू चांगला होता आणि पाणी काही प्रमाणात वाचलंही. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यातले दिवस कमी झाले. मग शेतकरी भाताचा पेंढा काडी लावून मोकळा होऊ लागला, तोही ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जेव्हा हवा थंड आणि स्थिर असते. दिल्लीच्या धुराची कारणं अनेक आहेत, पण त्यातला एक धागा असा पाण्याच्या कायद्यापर्यंत जातो. पाणी वाचवणाऱ्याने हवेची वही पाहिली नव्हती.

उलट उदाहरण लडाखचं. लेहमध्ये वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. शेती सगळी बर्फाच्या वितळलेल्या पाण्यावर. गावाने नेमलेला एक माणूस असतो, 'चुरपोन'. कुठल्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी, हे तो ठरवतो. रात्रीचं पाणी 'झिंग' नावाच्या छोट्या तळ्यात साठवायचं आणि दिवसा सोडायचं. गावात किती शेत कसायचं, हे गावाला आधीच ठाऊक असतं, कारण ओढ्यात किती पाणी आहे ते ठाऊक असतं. चेवांग नॉर्फेल यांनी कृत्रिम हिमनद्या बांधल्या त्या याच शहाणपणावर उभं राहून. पण त्याच लेह शहरात पर्यटन वाढलं, हॉटेलं आली, प्रत्येकाने आपापला बोअर घेतला. बोअरवर चुरपोनचं राज्य चालत नाही.

आता आपल्या घरी येतो. एनडीएत असताना पीकॉक बे मध्ये होडी वल्हवताना मला वाटायचं, हे पाणी आमच्यासाठीच साठवलंय. पुढे कळलं की खडकवासल्याच्या त्या पाण्यावर पुण्याच्या नळांचाही हक्क आहे आणि दौंड-इंदापूरच्या उसाचाही, आणि दर उन्हाळ्यात दोघेही आपापल्या हिशोबाने बरोबर असतात.

मराठवाड्यात तर हिशोबच विस्कटलेला. परळीचं औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवण्याची वेळ आली, २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये. हे फक्त दुष्काळी भागातच होतं असं समजू नका. मार्च २०१६ मध्ये गंगेच्या काठावरचं फराक्क्याचं वीजकेंद्रही फीडर कालव्यात पाणी कमी पडल्याने थांबवावं लागलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मी तेव्हा सीमेवर होतो. मेसमध्ये टीव्हीवर ती गाडी पाहिली आणि सोबतच्या अधिकाऱ्याने कौतुकाने म्हटलं, "काय लॉजिस्टिक्स आहे!" खरंच होतं. रेल्वेने कमाल केली. पण मला लाज वाटली. ज्या पट्ट्याला पिण्याचं पाणी कृष्णेच्या खोऱ्यातून गाडीने न्यावं लागलं, त्याच पट्ट्यात साखर कारखाने उभे राहिले होते. राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार-पाच टक्क्यांच्या आसपास, आणि सिंचनाच्या पाण्यातला वाटा अर्ध्याहून जास्त. उसाला भाव ठरलेला, कारखाना ठरलेला. सुभेदार साहेबांचं मंडीतलं गिऱ्हाईक ते हेच.

हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं असंही नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं आणि सिंचन व वीज हे विषयही त्यातच येत. नदीचं अख्खं खोरं एक धरून पूर, सिंचन, वीज आणि वाहतूक यांचा एकत्र विचार करायचा, ही दिशा त्या वर्षांत ठरली. १९४५ मध्ये आजच्या केंद्रीय जल आयोगाची मूळ संस्था उभी राहिली, १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ आलं. पण तिथेही मूळ आराखड्यातली निम्मीच धरणं त्या काळात झाली, आणि महामंडळाची ओळख पुढे विजेचीच राहिली. १९५६ मध्ये नदी मंडळांचा कायदा झाला. त्या कायद्याखाली आजवर एकही नदी मंडळ स्थापन झालेलं नाही. २०१६ मध्ये मिहिर शाह समितीने सुचवलं, की नद्यांचं पाहणारा जल आयोग आणि विहिरींचं पाहणारं भूजल मंडळ एकत्र करा, कारण पाणी एकच आहे. उन्हाळ्यात नदीत जे वाहतं ते बरंचसं जमिनीतून झिरपलेलंच असतं, आणि ते दोन्ही वह्यांत जमा धरलं की माझ्या ट्यूबवेलसारखीच गत होते. २०१९ मध्ये जलशक्ती मंत्रालय झालं, नदी आणि नळ एका छताखाली आले. हे पुढचं पाऊलच आहे. पण पाणी ज्यांच्या निर्णयांनी संपतं ते शेतमाल खरेदी, वीज, उद्योग आणि नगरविकास आजही दुसऱ्या छतांखाली आहेत.

यावर तीन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला, पाणी हा राज्यांचा विषय आहे. बरोबर. पण संविधानाने आंतरराज्य नद्यांच्या नियमनाचा अधिकार केंद्रालाही दिला आहे, आणि नदीला राज्याची हद्द कळत नाही. लुधियानाच्या नाल्याची घाण सतलजमध्ये मिसळते आणि कालव्याने थेट इथे राजस्थानात पिण्याला येते. दुसरा आक्षेप, आधी पाण्याचा हिशोब मागितला तर विकास अडेल. मला वाटतं वीजकेंद्र बांधून मग ते बंद ठेवणं हा त्याहून महागडा अडथळा आहे. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि मला त्याचं सोपं उत्तर देता येत नाही. फौजेत एक कमांडर असतो, तो हुकूम देतो. लोकशाहीत शेतकऱ्याला 'भात लावू नकोस' असा हुकूम देता येत नाही, आणि देऊही नये. तिथे पटवावं लागतं, आणि पटवायला पर्याय द्यावा लागतो. हरियाणाने २०२० मध्ये भात सोडून दुसरं पीक घेणाऱ्याला एकरी सात हजार रुपये द्यायला सुरुवात केली. रक्कम पुरेशी आहे का यावर वाद घालता येईल, पण दिशा बरोबर आहे. पाणी वाचवण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याने का सोसायचा?

म्हणून माझ्या मते चार गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर त्या खोऱ्याचा पाण्याचा ताळेबंद हवा. आधी कोणाकोणाला किती शब्द दिलाय, तो मांडूनच नवा शब्द द्यायचा. दुसरी, नदी आणि भूजलाची वही एक. तिसरी, हमीभाव, खरेदी आणि विजेचे दर ठरवणाऱ्या टेबलावर पाण्याच्या माणसाला खुर्ची, आणि तीही मत देण्याच्या अधिकारासह. चौथी, खोऱ्याचा आकडा गावापर्यंत पोचला पाहिजे. हिवरे बाजारने दाखवलंय की पावसाचं माप घेऊन ग्रामसभेत पाण्याचं अंदाजपत्रक मांडता येतं आणि त्यावरून पीक ठरवता येतं. त्याच्याही कितीतरी आधी पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर नव्हे तर घरातल्या माणसांवर वाटलं, भूमिहीनालाही वाटा दिला. लडाखचा चुरपोन आपल्याकडेही होता, आपण त्याला दिल्लीच्या आराखड्यात जागा दिली नाही एवढंच.

शेवटी आपल्या माजी सैनिकांसाठी दोन शब्द. टेरिटोरियल आर्मीच्या पर्यावरण बटालियन तुम्हाला ठाऊक असतील, माजी सैनिकांच्याच. १९८२ मध्ये मसुरीच्या उघड्या पडलेल्या डोंगरांपासून सुरुवात झाली, पुढच्याच वर्षी दुसरी इथे राजस्थानात याच कालव्याच्या काठी उभी राहिली, आणि २०१७ मध्ये मराठवाड्यासाठी महार रेजिमेंटशी जोडलेली बटालियन आली. पण सगळ्यांना त्यात जाता येणार नाही. ग्रामसभेला मात्र जाता येतं. आपल्यातले कित्येक जण सरपंच आहेत, सोसायटीचे चेअरमन आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या अनुदानाचा ठरावीक हिस्सा पाण्यासाठीच राखून ठेवला होता. तुमच्या गावात तो कशावर खर्च झाला, एवढं विचारा. गावात किती बोअर आहेत, गेल्या वर्षी किती मिलिमीटर पाऊस पडला, एवढं फळ्यावर लिहून घ्या. पाण्याची बाटली भरल्याशिवाय आपण कधी पेट्रोलला निघालो नाही. ती सवय निवृत्तीनंतर का सोडायची?

तो जवान आता सातारा जिल्ह्यात शेती करतो. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत त्याच्याकडे जाऊन आलो. त्याने विहीर दाखवली. शेजारच्या दोन भावकीच्या शेतांत दोन बोअर आहेत. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "साहेब, तिघं बसून ठरवलंय. आठवड्याचे वार वाटून घेतलेत. एकट्यानं ओढलं तर तिघांचं आटतं, हे मला शिकवायची गरज हाय व्हय?"

मला बोलता आलं नाही. त्याने चहा पुढे केला.

जय हिंद.